सेल्युलेज जीनचं सिक्वेन्सिंग बिघडतं कुठे? या चुका टाळा

सोलापुरात सेल्युलेजवर (सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमवर) प्रोजेक्ट करायचा तर नमुन्यांची ददात नाही. कुजका कडबा, बगॅसचा ढीग, शेणखत, काहीही घ्या. सीएमसी (विरघळणारं सेल्युलोज) घातलेल्या प्लेटवर काँगो रेड हा रंग ओतून मिठाच्या पाण्याने धुतलं की सेल्युलोज तुटल्याचं फिकं वलय दाखवणारी एखादी बॅसिलस जिवाणूची कॉलनी बहुधा सापडतेच. घोडं अडतं ते पुढे. सिक्वेन्स (जीनमधल्या अक्षरांचा, म्हणजे बेसचा, क्रम) खराब आला की खापर मशीनवर फुटतं, पण खरी गडबड बहुतेक वेळा आपल्याच बेंचवर झालेली असते.

रंग ओतलेल्या प्लेटवरून कॉलनी उचलू नका. ओतताना शेजारच्या कॉलनीचे जंतू तिच्यात मिसळतात. आधी रेप्लिका प्लेट (त्याच कॉलनींची नक्कल) करून ठेवा आणि तिच्यावरची कॉलनी दोनदा तरी पुन्हा स्ट्रीक करा. (सीएमसीवरचं वलय म्हणजे एंडोग्लुकानेज, सेल्युलोजची साखळी मध्येच तोडणारा एन्झाइम, एवढंच. ‘हा जिवाणू कडबा पचवतो’ हे त्यावरून सिद्ध होत नाही.)

बॅसिलसची भिंत जाड असते. ती फोडणाऱ्या लायसोझाइमची पायरी गाळलीत तर डीएनए हाती लागेल तो नावालाच.

पीसीआरनंतर (जीनच्या प्रती वाढवल्यावर) जेलवर दोन बँड, म्हणजे दोन लांबीचे डीएनए, दिसले तर हवा तो कापून घ्या, पण यूव्हीखाली फोटोसेशन नको. डीएनए खराब होतो. शुद्ध केलेला डीएनए टीई बफरमध्ये नको, पाण्यात घ्या, कारण त्यातलं ईडीटीए पुढच्या रिअ‍ॅक्शनचं मॅग्नेशियम बांधून टाकतं. कुरियरने पाठवताना उन्हाळ्याची धास्ती नको. शुद्ध डीएनए दोन दिवसांत काही मरत नाही. नळीचं झाकण सैल राहिलं तर मात्र आतलं पाणी उडून जातं, तेव्हा पॅराफिल्म लावाच.

आता लांबी. बॅसिलस सबटिलिसचा एंडोग्लुकानेज जीन साधारण १५०० बेसचा. सँगर पद्धतीच्या सिक्वेन्सिंगचं एक वाचन भरवशाचं मिळतं ते ७००-८०० बेस, त्यातही सुरुवातीचे ३०-४० वाया जातात. दोन्ही टोकांनी वाचलं तर गाठ मधोमध पडते, नेमकी दोन्ही वाचनं थकतात तिथे. म्हणून मधला एक प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) आधीच मागवा. टोकाचे प्रायमर जीनच्या थोडे बाहेर ठेवा, कारण प्रायमरखालची अक्षरं तुमच्या जिवाणूची नसतात, तुम्ही मागवलेली असतात. आणि सिक्वेन्सिंगला पाठवताना एका नळीत एकच प्रायमर.

रिपोर्ट आला की नुसती टेक्स्ट फाइल ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकून मोकळे होऊ नका. क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक बेसचं शिखर (पीक) दाखवणारा आलेख, उघडा. पहिल्यापासूनच पीकवर पीक चढलेले दिसले तर कल्चर मिसळलेलं आहे, नाहीतर पीसीआरचे प्रायमर नीट धुतले गेले नाहीत. सुरुवात स्वच्छ आणि मध्येच, सलग आठ-दहा ए बेसनंतर गोंधळ, असं असेल तर पोलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) तिथे घसरलंय. उलट बाजूने वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक या सलग ए मधलीच. सॉफ्टवेअर सातच्या जागी सहा ए मोजतं, तीन-तीन अक्षरांच्या वाचनाची चौकट (फ्रेम) सरकते आणि जीनच्या मध्यात स्टॉप कोडॉन, म्हणजे ‘थांबा’ सांगणारी तीन अक्षरं, उगवतो. मग ‘नवीन, तोकडा एन्झाइम’ सापडल्याचे पेढे वाटले जातात. ब्लास्टएक्समध्ये (डीएनएचं भाषांतर करून प्रथिनांशी जुळवणाऱ्या ब्लास्टमध्ये) जुळणी अर्ध्यावर एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये उडी मारताना दिसली, तर आधी त्या जागेचे पीक बोटाने मोजा. डीएनएचं प्रथिनात भाषांतर करताना टेबल ११ (जिवाणूंचा जनुकीय कोड) निवडा. जिवाणूंचे जीन जीटीजी किंवा टीटीजीनेही सुरू होतात. हे सगळं जुळल्याशिवाय जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) काही टाकू नका.