भिंतीवरचा जंपिंग स्पायडर प्लेक्सिपसच आहे का, आणि असला तर कोणता? ओळखायची पद्धत

लोक मला जंपिंग स्पायडरचे फोटो पाठवतात. वरून काढलेला एकच फोटो, तोही निम्मा हललेला, आणि नाव मात्र आधीच ठरलेलं: प्लेक्सिपस पायकुली. का, तर म्हणे पट्टे आहेत. अहो पट्टे काय, कितीतरी जीनसमधल्या कोळ्यांना असतात (स्पीशीज म्हणजे एकेक जात, जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट; इथे प्लेक्सिपस हा जीनस आणि पायकुली त्यातली स्पीशीज). अ‍ॅपनेही तेच सांगितलं असं म्हणतात, पण अ‍ॅपला पट्टेच दिसतात, कोळ्याच्या पोटाखाली काय आहे ते थोडंच दिसतं.

कॅमेऱ्याचं पुराण मी लावत नाही. मॅक्रो लेन्स किंवा फोनला लागणारी क्लिपवाली लेन्स, एक पारदर्शक डबी, मऊ ब्रश आणि थोडा स्पंज, बास.

कुटुंब

समोर एका ओळीत चार डोळे आणि त्यातले मधले दोन गाडीच्या हेडलाइटसारखे मोठे असले की जंपिंग स्पायडर. कुटुंब सॉल्टिसिडी, 6000 हून जास्त स्पीशीज, कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं. झालं, पुढे चला.

पकडायचा कसा

डबी त्याच्या तोंडासमोर धरायची आणि मागून ब्रशने हलकंसं ढोसायचं, तो स्वतःच आत जातो. मागून झडप घालायला जाऊ नका, त्याला मागचंही दिसतं. उडी मारायच्या आधी तो धागा चिकटवून ठेवतो, त्यामुळे हुकला तरी खाली लोंबकळत सापडतो, घाई करायची नाही. चिमटा तर अजिबात नको. हा प्राणी पायातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून पाय ताठ करतो आणि त्या जोरावर उडतो, तोच पाय तुम्ही चिरडलात तर काय उरलं.

जीनस

इथे वरून काढलेल्या फोटोपेक्षा बाजूने काढलेला फोटो जास्त कामाचा, आणि नेमका तोच कुणी काढत नाही. प्लेक्सिपसचा पुढचा भाग, म्हणजे डोकं आणि छाती एकत्र असलेला भाग (त्याच्या वरच्या कवचाला कॅरापेस म्हणतात), उंच आणि गोलसर असतो. त्याच भिंतीवर हमखास दिसणारा मेनेमेरस बायव्हिटाटस मात्र चपटा, फटीत सरकायला बनवल्यासारखा, आणि अंगभर राखाडी पांढरट केस. त्याच्या मादीच्या दोन्ही कडांनी काळे पट्टे जातात आणि मागे एकमेकांना मिळतात, नराच्या पोटावर मधोमध गडद पट्टा असतो. प्लेक्सिपस पायकुलीच्या नराचं उलटं, अंग काळं आणि त्यावर मधोमध एक रुंद पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना एकेक, शिवाय पोटाच्या मागच्या टोकाजवळ दोन पांढरे ठिपके. मादी तपकिरी राखाडी, मधला पट्टा बदामी रंगाचा, तो मागे जाऊन तुटतो आणि बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा होतात. दोघांचीही लांबी साधारण 9 ते 12 मिलीमीटर.

तिसरा घरातला भाडेकरू हॅसॅरियस अ‍ॅडॅन्सोनी. त्याचा नर काळा, पोटाच्या पुढच्या बाजूला पांढरी चंद्रकोर, तोंडापाशी लालसर मुखवटा, एकदा बघितला की परत चुकत नाही. मादी मात्र साधी तपकिरी, तिच्यावर लोक हमखास फसतात.

आणि नकाशा बघत चला, फुकटचं काम आहे. फिडिपस जीनसमधल्या स्पीशीज जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडातल्या, मोरासारख्या रंगांचे मॅराटस जवळजवळ सगळे ऑस्ट्रेलियातले. अ‍ॅपने दुसऱ्याच खंडात यातलं नाव दिलं तर आधी अ‍ॅपवर संशय घ्या. प्लेक्सिपस पायकुली मात्र माणसाच्या सामानाबरोबर फिरत फिरत उष्ण प्रदेशात जगभर पोचलाय, त्यामुळे त्याच्या बाबतीत नकाशा काही मदत करत नाही. प्लेक्सिपसच्याच आणखी दोन स्पीशीज म्हणजे पेटर्सी आणि सेटिपेस: पेटर्सी आफ्रिकेपासून जपानपर्यंत आणि हवाईलाही आहे, सेटिपेस मध्य आशियापासून पूर्वेकडे जपानपर्यंत. म्हणजे या पट्ट्यात कुठेही असाल तर एकाच बागेत दोन प्लेक्सिपस सापडू शकतात, आणि इथूनच खरी डोकेदुखी.

हा मोठा झालाय का?

सगळ्यात अवघड पायरी हीच. माझा एक अख्खा सीझन यात वाया गेलाय म्हणून सविस्तर सांगतो. माझ्याकडे वहीत तीन वेगवेगळ्या स्पीशीज लिहिलेल्या होत्या, सगळ्यांना क्रमांक, तारखा, टिपणं, सगळं नीटनेटकं. नंतर कळलं की एक मादी होती, एक अर्धवट वाढलेला नर होता आणि तिसरं पिल्लू, तिन्ही एकाच स्पीशीजचे. रंगावर गेलो आणि गंडलो. पिल्लांचा रंग मोठ्यांसारखा असेलच असं नाही, नर शेवटची कात टाकेपर्यंत बरेचदा मादीसारखाच दिसतो आणि मग एका रात्रीत काळापांढरा होऊन बाहेर येतो. म्हणून नियम एकच: कोळी प्रौढ आहे हे ठरल्याशिवाय स्पीशीजचं नाव तोंडातून काढायचं नाही.

नर असेल तर पाल्प बघा. पाल्प म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंचे ते छोटे हातासारखे अवयव. मादीचे सरळ, पायासारखेच. नराच्या पाल्पची टोकं बॉक्सिंग ग्लोव्हसारखी फुगलेली. पण नुसतं फुगलेलं दिसलं म्हणून नाचू नका, मी नेमका इथेच फसलो होतो. शेवटची कात बाकी असलेल्या नराचे पाल्पही फुगलेले असतात, फक्त ते फुग्यासारखे गुळगुळीत असतात. प्रौढ नरात आतली रचना उघडी दिसते, गडद, वळणं घेतलेली, आणि तिला एक सुईसारखं टोक, त्याला एम्बोलस म्हणतात. ही सुई कुठून निघते, किती लांब आहे, कुठे वळते, आणि पाल्पच्या बाहेरच्या बाजूला जो काटा असतो त्याचा आकार कसा आहे, स्पीशीज यावर ठरते, पट्ट्यांवर नाही. म्हणजे पाल्पचे दोन फोटो हवेत, एक खालून आणि एक बाहेरच्या बाजूने. एकात भागवायला गेलात की परत कोळी शोधत फिरायचं.

मादी असेल तर पोटाखाली, कमरेच्या जवळ, श्वसनाच्या दोन फिकट चकत्यांच्या मध्ये एक कडक तपकिरी तबकडी दिसते, ती एपिजिन. ती नसेल तर मादी अजून लहान आहे, विषय संपला. कधी कधी केसांनी झाकलेली असते, तेव्हा तिरका प्रकाश टाकून बघा.

आता हे जिवंत कोळ्याचं बघायचं कसं? डबीचा तळ स्वच्छ पारदर्शक हवा. कोळी तळावर, वरून मऊ स्पंजचा गोळा हळूहळू खाली आणायचा, कोळी हलणार नाही इतपतच, दाबायचं नाही. मग डबी उलटी धरून तळातून फोटो. लाइट बाजूने, समोरून फ्लॅश मारलात तर काचेची चकाकी सोडून काही येणार नाही. अर्ध्या मिनिटात उरका. फ्रीजमध्ये ठेवून गार करा म्हणजे शांत बसतो, हा सल्ला सगळीकडे फिरत असतो, मला तो अजिबात पटत नाही. डबीवर दव धरतं, फोटो धुरकट येतात, आणि बाहेर काढल्यावर तुम्ही फोकस करेपर्यंत पठ्ठ्या परत पळायला लागतो.

अर्धवट वाढलेला निघाला तर दोन मार्ग, सोडून द्या किंवा वाढवा. वाढवणार असाल तर फळमाश्या द्या, डबीच्या भिंतीवर पाण्याचा थेंब ठेवा आणि तो रेशमाची पिशवी विणून आत बसला की हात लावू नका. मी एकदा आत काय चाललंय बघायला ती पिशवी ब्रशने उघडली, कात अर्धी अडकली आणि त्याचे दोन पाय कायमचे वाकडे झाले. बाहेर आल्यावरही अंग कडक व्हायला काही दिवस जाऊ द्या, लगेच स्पंजखाली घ्यायचा नाही.

नाव लावणं

वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघडा, बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा आहे, इंटरनेटवर फुकट. जीनस टाका, तुमच्या भागात कोणत्या स्पीशीज आहेत ते बघा, आकृत्या असलेले पेपर शोधा आणि तुमचे फोटो शेजारी ठेवा. आकृत्यांमध्ये रीतीप्रमाणे डावा पाल्प काढलेला असतो, तुमचा फोटो उजव्याचा असेल तर आधी आडवा फ्लिप करा. हे माहीत नसल्यामुळे मी कितीतरी वेळ एम्बोलस उलट्या बाजूला का वळतोय म्हणून डोकं खाजवत बसलोय.

नावापुढे कंसात (ऑडुआँ, 1826) असं, म्हणजे स्पीशीजचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष, दिसलं तर गोंधळू नका, कंसाचा अर्थ इतकाच की ती स्पीशीज आधी दुसऱ्या जीनसमध्ये लिहिली होती. पायकुली मुळात अ‍ॅटस होता, प्लेक्सिपस हा जीनस कोखने 1846 मध्ये केला, त्याच्या आधी हे नाव असणार तरी कसं.

जुळलं तर स्पीशीज लिहा. पाल्प दिसत नसेल, एपिजिन अस्पष्ट असेल, तर सरळ प्लेक्सिपस स्पी. (म्हणजे जीनस नक्की, स्पीशीज ठरलेली नाही) लिहायचं आणि थांबायचं. पुढे कुणाला तरी त्या नोंदीवर नकाशा काढायचा असतो, आणि एक चुकीचं पेटर्सी तिथे घुसलं की निघता निघत नाही. नोंदीत तारीख, जागा, नर की मादी की पिल्लू, आणि भिंतीवर होता की पानावर एवढं हवंच.

काम झालं की कोळी जिथून उचलला तिथेच सोडा, त्याच भिंतीवर. आणि फटीत रेशमाच्या चकतीवर बसलेली मादी दिसली तर ती बहुतेक अंडी राखत असते, तिला फोटोसाठीसुद्धा उठवू नका, दुसरी शोधा.