ग्राफीनवर एकेकटे धातूअणू बसवताना या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. त्यावर धातूचे सुटे अणू बसवून उत्प्रेरक बनवतात. फर्नेसमधून सॅम्पल काढलं, एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या यंत्राला) दिलं आणि 44 अंशांच्या आसपास धातूरूप कोबाल्टचं धारदार शिखर दिसलं, की बरेच विद्यार्थी आधी तापमान बदलतात. 800 अंश सेल्सिअसवरून 750, मग 700. माझं आग्रहाचं सांगणं आहे की फर्नेस नंतर बघा. अणू सुटे राहणार की एकत्र येऊन कण होणार, हे बरंचसं बीकरमध्येच ठरून गेलेलं असतं.

सुरुवात होते ती ग्राफीन ऑक्साइडपासून, म्हणजे ऑक्सिजनचे गट जोडलेल्या ग्राफीनपासून. त्याच्या थरांवर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल आणि इपॉक्सी गट असतात. पाण्यात कार्बॉक्सिल गट प्रोटॉन सोडतात, थर ऋणभारित होतो आणि धातूचे धन आयन आपोआप त्यावर येऊन बसतात. सेल्फ-असेम्ब्ली म्हणतात ती हीच. पुढे फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात वाळवणं) आणि मग अमोनियात तापवणं. तेव्हा जाळीत नायट्रोजन शिरतो आणि धातूला धरून ठेवतो. 2015 साली नायट्रोजनयुक्त ग्राफीनवर एकेकटा कोबाल्ट याच वाटेने, 750 अंश सेल्सिअसला बसवला गेला.

भार न बघता धातूचं मीठ निवडणं

प्लॅटिनम म्हटलं की हात क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या बाटलीकडे जातो. पण त्यात प्लॅटिनम ऋण आयनात असतो. ऋण थर त्याला दूर लोटतो, तो पाण्यातच राहतो, आणि पाणी उडालं की जागा मिळेल तिथे साचतो. टेट्राअमाइन प्लॅटिनमचं मीठ घेतलं तर धन आयन मिळतो आणि थर त्याला स्वतःहून ओढतो. एवढ्या एका बदलाने सॅम्पल सुधारू शकतं.

पीएचचंही तसंच. भार वाढावा म्हणून अमोनिया घालत जाल तर धातूचं हायड्रॉक्साइड खाली बसेल. फेरिक लोह पीएच 2 ते 3 पासूनच साका धरायला लागतं. कोबाल्टला त्या मानाने बरीच मोकळीक आहे. त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर कोबाल्टपासून सुरुवात करा.

मीठ एकदम ओतलं आणि क्षणात काळपट गुठळ्या झाल्या, तर थर एकमेकांना चिकटले आणि धातू मध्ये अडकला. दोन-तीन भार असलेले आयन थोड्या प्रमाणातही हे करतात. द्रावण पातळ ठेवा, जोरात ढवळत थेंब थेंब सोडा.

धातू किती घालायचा

इथे हिशेब सतत चुकतो, कारण तापवल्यावर ग्राफीन ऑक्साइडचं वजन साधारण निम्म्यावर येतं. 100 मिलिग्रॅम ग्राफीन ऑक्साइडला 0.5 मिलिग्रॅम कोबाल्ट घातला तर शेवटी सुमारे 1 टक्का होतो. त्यासाठी कोबाल्ट क्लोराइड हेक्साहायड्रेट लागतं जेमतेम 2 मिलिग्रॅम. इतकं थेट तोलायला जाऊ नका. 40 मिलिग्रॅम 10 मिलिलिटरमध्ये विरघळवून त्यातलं अर्धा मिलिलिटर घ्या. जुलैच्या मुंबईत फेरिक क्लोराइड तर तोलतानाच ओलं होतं आणि तुमचा आकडा खोटा ठरतो. लोहाच्या द्रावणाची तीव्रता आयसीपीवर (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा तपासून घ्या.

जास्त धातू म्हणजे जास्त सक्रियता, हा मोह आवरा. धातू जागांपेक्षा जास्त झाला की कण होतात. टेममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कार्बन नॅनोट्यूब उगवलेल्या दिसल्या तर तो बहुधा धातूच्या कणांचाच पुरावा असतो.

ओव्हनमध्ये वाळवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ओव्हनमध्ये पाणी आटत जातं तसं न बसलेलं मीठ मिठागरात जमावं तसं कडेला जमतं, शिवाय पाण्याच्या ओढीने थर एकमेकांवर घट्ट बसतात. मग अमोनिया आत पोचत नाही आणि कडेच्या मिठाचे कण होतात. म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, सैल आयन काढून टाका. वरच्या पाण्यात किती कोबाल्ट उरला ते मोजलंत तर किती बसला हेही कळतं. मग द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा. साध्या फ्रीझरमध्ये सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मिठाला बाजूला ढकलतात आणि पुन्हा तेच होतं. वाळलेला हलका स्पंज दमट हवेत उघडा ठेवू नका. डेसिकेटर (हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं), आणि तिथून थेट ट्यूब फर्नेस.

फर्नेसबद्दल थोडकंच: वाळलेलं ग्राफीन ऑक्साइड 200 अंशांच्या आसपास भसकन पेटू शकतं, पोटॅशियमचं मीठ राहिलं असेल तर जास्तच. म्हणून थोडं थोडं घ्या आणि सुरुवातीला संथ तापवा. अमोनिया फ्युम हूडमध्येच, बाहेरचा वायू आम्लाच्या बबलरमधून, आणि बबलरच्या आधी रिकामी ट्रॅप बाटली हवीच. अमोनिया पाण्यात इतका विरघळतो की ती नसेल तर आम्ल उलटं ट्यूबमध्ये खेचलं जाऊ शकतं.

एक्सआरडी कोरी म्हणजे काम फत्ते, असं धरणं

दोन-तीन नॅनोमीटरपेक्षा लहान कण एक्सआरडीत सहसा दिसतच नाहीत. आम्लाने धुतल्यावर उघडे कण जातात, पण कार्बनच्या कवचात बंद झालेले राहतात. एकेकटे अणू बघायला अ‍ॅबरेशन करेक्टेड स्टेम (भिंगांचे दोष दुरुस्त केलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो, आणि तिथेही निवडक कोपऱ्याचा फोटो पुरेसा नाही. कमी मॅग्निफिकेशनचे फोटोही काढून घ्या.

सरासरी चित्र एक्झाफ्स देतं, म्हणजे धातूच्या अणूच्या शेजारचे अणू किती अंतरावर आहेत हे क्ष-किरण शोषणावरून सांगणारी पद्धत. त्यासाठी आपल्याला इंदूरला, राजा रामण्णा केंद्राच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) जावं लागतं. फेज सुधारणा न केलेल्या आलेखात कोबाल्ट-नायट्रोजनचं शिखर 1.5 आंगस्ट्रॉमच्या आसपास येतं, कोबाल्ट-कोबाल्टचं 2.2 च्या आसपास. दुसरं दिसलं नाही तरी थोडे क्लस्टर लपलेले असू शकतात, आणि नायट्रोजन की ऑक्सिजन हे एक्झाफ्सवरून सांगता येत नाही. तुलनेसाठी सोबत कोबाल्टची फॉइल, ऑक्साइड आणि कोबाल्ट थॅलोसायनिन न्यायला विसरू नका. बीमटाइम (यंत्र वापरायची वेळ) परत लवकर मिळत नाही.

आणि धातू न घालता, बाकी सगळं तसंच करून एक सॅम्पल बनवाच. ग्राफीन ऑक्साइड बनवायच्या हमर्स पद्धतीत पोटॅशियम परमँगनेट वापरतात, त्यामुळे नीट न धुतलेल्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये मँगनीज राहतं. हे कोरं सॅम्पलही चांगली सक्रियता दाखवत असेल तर आयसीपीवर मँगनीज आणि लोह मोजा, आणि ग्राफीन ऑक्साइडची ती बॅच पुन्हा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन डायलिसिसला लावा.