गोचिडातला व्हायरस 'माणसाळला' असा पेपर वाचायचा कसा

'अमुक म्युटेशनमुळे गोचिडांमधला व्हायरस सस्तन प्राण्यांना सरावला' असं एखाद्या संशोधन पेपरचं टायटल दिसलं की आपण थेट कन्क्लुजनवर उडी मारतो. मीही मारायचो. आता आधी मेथड्स उघडतो आणि एकच गोष्ट शोधतो, सिक्वेन्स करायच्या (म्हणजे व्हायरसचा जीनोम अक्षर न् अक्षर वाचायच्या) आधी हे सॅम्पल कुठे कुठे वाढवलं होतं?

टिक-बोर्न एन्सेफलायटीसचा, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा व्हायरस घ्या. आरएनएचा जीनोम (त्याचा सगळा जनुकीय मजकूर), साधारण 11,000 अक्षरांचा, आणि कॉपी काढणाऱ्या एन्झाइमकडे चुका तपासायची सोयच नाही, त्यामुळे एका गोचिडातसुद्धा एकसारखे व्हायरस नसतात, थोडेथोडे वेगळे भाऊबंद असतात सगळे. हा घोळका गोचिडातून थेट वाचला तर एक चित्र दिसतं. पण पूर्वीपासूनच्या पद्धतीने तो आधी उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत किंवा डिशमधल्या पेशींत वाढवला असेल तर तिथे जे जोरात वाढतात तेच पुढे सरकतात आणि आपल्याला वाटतं की हा बदल जंगलात झालाय!

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ई प्रोटीन, व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावरचं. पेशींवर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांचा चार्ज निगेटिव्ह, मग ई प्रोटीनवर एखादं पॉझिटिव्ह अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी) आलं की व्हायरस त्यांना पटकन चिकटतो आणि डिशमध्ये सुसाट सुटतो, पण जिवंत उंदरात असेच व्हायरस बरेचदा मेंदूपर्यंत पोचण्यात कमी पडतात. डिशमधला हिरो, उंदरात झिरो.

मग आकडे बघा. बदलाने अमिनो आम्ल तरी बदललंय का, आणि तो 100 पैकी 2 रीड्समध्ये (सिक्वेन्स करताना वाचलेल्या तुकड्यांमध्ये) आहे की 90? शिवाय एका यजमानातून (व्हायरस ज्याच्यात राहतो त्या जिवातून) दुसऱ्यात जाताना घोळक्यातले मोजकेच पुढे जाऊ शकतात, म्हणजे एखादा बदल निव्वळ नशिबानेही टिकतो. वेगवेगळ्या समांतर प्रयोगांत तोच बदल पुन्हा आला असेल तर मी जरा सरसावून बसतो, एकाच प्रयोगात आला असेल तर नाही.

आणि गोचीड विसरू नका (सस्तन प्राण्यांवरच्या पेपरात तो हमखास विसरला जातो). हा व्हायरस पसरवणारा इक्सोडिस गोचीड लार्वा, निम्फ आणि प्रौढ अशा प्रत्येक टप्प्यात एकदाच पोटभर रक्त पितो, मधे महिनोन्महिने उपाशी, आणि व्हायरस कात टाकतानाही त्याच्यातच मुक्काम ठोकून असतो. उंदराच्या रक्तात मात्र तो थोडेच दिवस. त्यातही शेजारीशेजारी चिकटलेल्या गोचिडांमध्ये तो त्वचेतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, रक्तात फारसा नसला तरी. म्हणून बदललेला व्हायरस परत गोचिडात टिकतो का हे तपासलंय का ते शेवटी बघायचं. तपासलं नसेल तर टायटलमधला 'अडॅप्टेशन' (म्हणजे सरावणं) हा शब्द मी पेन्सिलीने कंसात टाकतो आणि पुढे वाचतो.