लिथियम आणि दुर्मिळ मृदा धातूंच्या खाणकंपनीचा अहवाल कसा वाचावा

लिथियम किंवा दुर्मिळ मृदा धातूंचा शोध घेणारी कंपनी आपल्या निवेदनात साठ्याचा आकडा सर्वांत ठळक छापते. गुंतवणूकदाराने मात्र तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. ही मूलद्रव्ये भूकवचात अनेक ठिकाणी सापडतात. ती परवडणाऱ्या खर्चात वेगळी करून ग्राहकाला हव्या त्या शुद्धतेत देणे हे खरे अवघड काम आहे.

प्रथम साठा कोणत्या दर्जाचा आहे ते पाहावे. खनिज साठ्यांची माहिती जाहीर करण्याचे नियम ठरवणारी ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता आणि कॅनडाची एनआय ४३-१०१ नियमावली खनिज संसाधनाचे अनुमानित, निर्देशित आणि मोजलेले असे तीन दर्जे मानतात. अनुमानित संसाधन मोजक्या पुराव्यांवर आधारलेले असते. उत्खननाचा खर्च, प्रक्रिया, परवाने आणि बाजारभाव यांचा हिशेब झाल्यावरच त्यातील काही भागाला राखीव साठा म्हणता येते, आणि अनुमानित दर्जावरून थेट तिथे पोहोचता येत नाही.

लिथियमच्या बाबतीत सर्व आकडे लिथियम कार्बोनेटच्या तुल्य वजनात आणावेत, कारण कठीण खडकाच्या खाणी लिथियम ऑक्साइडची टक्केवारी देतात, तर खाऱ्या पाण्याचे प्रकल्प प्रति लिटर मिलिग्रॅम देतात. ऑक्साइडच्या वजनाला २.४७३ ने गुणले की कार्बोनेटचे वजन मिळते. समजा, १ कोटी टन खडकात १.२ टक्के ऑक्साइड आहे. म्हणजे १ लाख २० हजार टन ऑक्साइड, अर्थात सुमारे २ लाख ९७ हजार टन कार्बोनेट. प्रक्रियेत ७० टक्केच हाती लागले, तर विक्रीयोग्य माल सुमारे २ लाख ८ हजार टन उरतो. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमचे प्रमाणही तपासावे, कारण ते जास्त असेल तर लिथियम वेगळे करणे महाग पडते. शिवाय बाष्पीभवनाच्या तलावांतून माल निघायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

दुर्मिळ मृदा धातूंचा अहवाल अधिक बारकाईने वाचावा लागतो. सतरा मूलद्रव्यांची एकत्रित टक्केवारी फसवी ठरते, कारण मूल्याचा मोठा भाग नियोडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम यांत असतो, तर अनेक साठ्यांत वजनाने निम्म्याहून अधिक असलेले सिरियम आणि लॅन्थॅनम अतिशय स्वस्त विकले जातात. म्हणून चुंबकासाठी लागणाऱ्या चौघांचा वाटा स्वतंत्र दिला आहे का, ते शोधावे. दिला नसेल तर मी तो प्रकल्प बाजूला ठेवीन. पुढचा प्रश्न विलगीकरणाचा. ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी असतात की द्रावक निष्कर्षणाच्या, म्हणजे द्रावकात विरघळवून एकेक मूलद्रव्य ओढून घेण्याच्या, शेकडो टप्प्यांतून ती वेगळी करावी लागतात. मोनाझाइट या दुर्मिळ मृदा धातूंच्या खनिजातील थोरियमच्या किरणोत्सारी अवशेषांची विल्हेवाटही खर्चात धरलेली असावी. हे शुद्धीकरण प्रामुख्याने चीनमध्ये होत असल्याने कंपनी मिश्र कार्बोनेट विकणार की वेगळी केलेली ऑक्साइडे, यावर तिची मिळकत आणि तिचे परावलंबन दोन्ही ठरतात.

त्यानंतर व्यवहार्यता अहवालात गृहीत धरलेला भाव पाहावा. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेला होता आणि २०२४ च्या सुरुवातीस तो सुमारे १ लाखावर आला. दुर्मिळ मृदा धातूंचे भाव २०१०-११ मध्ये चीनने निर्यातीवर मर्यादा आणल्यावर भडकले. त्या तेजीत कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीच्या विस्तारासाठी मोठे कर्ज काढणाऱ्या मॉलीकॉर्प कंपनीने भाव कोसळल्यावर २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून गृहीत भाव निम्मा करून प्रकल्प तगतो का, हे स्वतः मांडून पाहावे.

शेवटी ताळेबंद पाहावा. उत्पन्न सुरू न झालेल्या कंपनीच्या रोख शिलकीला तिमाही खर्चाने भागले की ती किती तिमाह्या चालेल ते कळते. उत्तर चारच्या खाली असेल, तर नवे समभाग विक्रीस येण्याची आणि जुन्या भागधारकांचा वाटा घटण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी ती विक्री पार पडेपर्यंत थांबणे श्रेयस्कर.