नायट्रो आरसी गाडीचं इंजिन कसं ट्यून करावं

नायट्रो आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारी, छोटं इंधनी इंजिन असलेली गाडी. या इंजिनात वेगळं ऑइल नसतं. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनातच तेल मिसळलेलं असतं. इंधन कमी केलं की वंगणही कमी झालं, ट्यूनिंगमध्ये भ्यायचं ते एवढ्यालाच. हवेच्या मानाने इंधन जास्त म्हणजे रिच, कमी म्हणजे लीन. लीन इंजिन आधी झकास पळतं, मग तापतं, मग पिस्टन जातो. माझं पहिलं इंजिन असंच गेलं. शेवटची दोन मिनिटं ते कधी नव्हे इतकं सुसाट होतं आणि मी खुशीत होतो.

इंजिन नवं असेल तर आधी रिच ठेवून काही टाक्या रन-इन करा, म्हणजे इंजिन हळूहळू रुळू द्या. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा तापता प्लग) आणि एअर फिल्टर तपासा. दोन्ही नीडल (कार्ब्युरेटरवरचे इंधन कमी-जास्त करणारे स्क्रू; हाय-स्पीड जोरात पळतानासाठी, लो-स्पीड हळू चालतानासाठी) आत्ता किती फेरे उघडे आहेत ते लिहून ठेवा, म्हणजे गोंधळ झालाच तर परतीची वाट राहील. नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की लीन, उलट फिरवली की रिच. एका वेळी एकच नीडल, तीही एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही. थंड इंजिन ट्यून करू नका, तीन-चार मिनिटं गाडी पळवून घ्या.

सुरुवात हाय-स्पीड नीडलने. सरळ पट्ट्यात फुल थ्रॉटल द्या आणि गाडीच्या मागे बघा. निळसर धुराची बारीक रेघ दिसली पाहिजे. गाडी गुरगुरत, दाट धूर सोडत रेटत असेल तर रिच आहे, नीडल थोडी आत घ्या. धूरच नाही, किंवा जोरात निघून पट्ट्याच्या शेवटी दम सोडते? लगेच थांबवा आणि इथे मात्र एकदम पाव फेरा बाहेर काढा.

मग लो-स्पीड नीडल. गाडी आयडलवर (थ्रॉटल न देता, इंजिन नुसतं चालू) ठेवून कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा (हात एक्झॉस्ट पाइपला लागू देऊ नका, भाजतो). आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर ठीक. दाबताक्षणी बंद पडलं तर लीन, पाच सेकंदांहून जास्त रेंगाळलं तर रिच. नळी लांब असेल तर हे आकडे थोडे ताणले जातात, म्हणून मी आणखी एक करून बघतो. दहा सेकंद आयडल, मग एकदम थ्रॉटल. धूर ओकत अडखळली तर रिच, चक्क बंद पडली तर लीन.

आयडल स्क्रू शेवटी, कारण लो-स्पीड नीडल लीन केली की आयडल आपोआप चढतो. क्लच धरून गाडी पुढे सरकू लागली तर तो कमी करा.

प्लगच्या बुडाशी साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस तापमान असावं. थर्मामीटर नसेल तर हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) पाण्याचा थेंब टाका. क्षणात चर्र होऊन उडाला तर इंजिन जास्त तापलंय. पण आकड्याच्या मागे लागून ट्यूनिंग करू नका, धूर आणि आवाज आधी.

थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम वरच लटकून राहिला, नीडल रिच करूनही उतरला नाही, तर बहुतेक कुठेतरी हवा शिरतेय. कार्ब्युरेटरचा तळ, बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण), टाकीची सील बघा.

खेळ संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन जाळा, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (गाडी ठेवून देण्याआधी घालायच्या तेलाचे) काही थेंब सोडून इंजिन फिरवा. फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा, नाहीतर सिलिंडरच्या वरच्या अरुंद भागात तो थंड होताना अडकतो.