थालियाचं चित्र छापताय? या चुका टाळा

विनोदी नाटकांचा महोत्सव ठरला की स्मरणिकेसाठी कोणीतरी विनोदी नाटकाची ग्रीक देवी थालिया शोधायला बसतं. चित्र सापडतं पाच मिनिटांत, आणि तिथंच घोटाळा होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुखवटा पाहून थालिया ओळखणं. एका हौशी संस्थेच्या स्मरणिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलानं आदल्या रात्री चित्र उचलून आणलं. बाईच्या हातात तोंड उघडलेला मुखवटा. "काका, हसतोय बघा!" मी ऱ्हस्व-दीर्घात अडकलेलो, नुसती मान हलवली. अंक छापून आला तेव्हा बाईचा दुसरा हात दिसला. त्यात गदा होती! म्हणजे ही मेल्पोमिनी, शोकांतिकेची. मध्यंतरात एक आजी चहाचा कप घेऊन जवळ आल्या आणि म्हणाल्या, "शेवटी कोण मरतं हो?"

प्राचीन रंगभूमीवरचे मुखवटे विनोदी आणि शोकांत, दोन्ही नाटकांत तोंड उघडेच असतात, नटाला त्यातून बोलायचं असतं. म्हणून मी मुखवटा सगळ्यात शेवटी बघतो. आधी दुसरा हात बघायचा. टोकाला वाकलेली धनगरी काठी असेल तर थालिया. गदा किंवा तलवार असेल तर मेल्पोमिनी. मग डोकं बघायचं. थालियाला आयव्हीच्या वेलीचं वेष्टण, मेल्पोमिनीला द्राक्षपानांचं. जुन्या पुतळ्यांचे हात पुष्कळदा नंतर बसवलेले असतात, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका. घाईच असेल तर प्राचीन रोमन शहर पॉम्पेईचं भित्तिचित्र घ्या, ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिथं चित्राखाली नाव आणि 'कॉमेडी' दोन्ही लिहिलेलं आहे. पण घाई करूच नये, हे माझं मत.

दुसरी चूक: 'प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडनं तिला विनोदाची देवी केलं.' नाही. त्यानं देवांचा राजा झ्यूस आणि निमॉसिनी यांच्या नऊ मुलींची, म्हणजे कलादेवींची (म्यूझेस) नावं दिली, खाती वाटली नाहीत. अथेन्समध्ये मद्य आणि नाट्याचा देव डायोनिसस याच्या उत्सवात कॉमेडीची स्पर्धा सुरू झाली इ. स. पू. ४८६च्या सुमारास, हेसिऑडनंतर दोनेकशे वर्षांनी. खातेवाटप त्याहूनही पुष्कळ नंतरचं.

त्याच्याच काव्यात थालिया नावाची आणखी एक आहे, तीन ग्रेसेसपैकी, म्हणजे लावण्याच्या तीन देवींपैकी. तिची आई युरिनॉमी. तिघी हातात हात घालून उभ्या असतील तर आपली नव्हे.

नावाचा अर्थ 'हसरी' असा देऊ नका. तो बहरण्याशी जोडलेला आहे.

आणि थालिया 'हलक्याफुलक्या कवितेची'ही देवी, एवढं कुठं वाचून तिच्या चित्राखाली चारोळ्या छापू नका. इथं अभिप्रेत आहेत मेंढपाळांची गाणी, रानातली. हातातली काठी त्यातलीच. रोमन कवी व्हर्जिल आपल्या धनगरी काव्यात म्हणतो की आपल्या थालियाला रानात राहायची लाज वाटली नाही.