बेसवरून फायनलला वळताना या चुका टाळा (आणि खाली उडायचा मोह तर टाळाच)

मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, दर बॅचला तेच सांगतो आणि दर बॅचमध्ये दोघं-तिघं तेच करतात, म्हणून आता लिहूनच ठेवतो. सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) २०० तास लवकर संपवायची घाई मला कळते, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, हवा खराब असली की आठवडा आठवडा उड्डाण मिळत नाही. पण मला धास्ती वाटते ती हजार फुटांखालच्या चुकांची, तिथे सावरायला उंचीच नसते.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे बेसवरून (रनवेला आडवा टप्पा) फायनलला (रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना रनवेची लाइन हुकली की आतला रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं, वळणाच्या बाजूचं पेडल) दाबून नाक ओढून आणायचं. माझा एक स्टुडंट होता, हात चांगला, पण घाईचा. सेसना १५२, डावा सर्किट (रनवेभोवतीचा फेरा, सगळी वळणं डावीकडे), बेसवर मागून वारा. वळायला उशीर झाला आणि रनवे डावीकडे निघून चालला. बँक (विमानाचा एका बाजूला कल) वाढवायची भीती म्हणून त्याने डावा रडर दाबला, बँक आपोआप वाढायला लागली तर योक (हातातलं स्टिअरिंग) उजवीकडे धरला, नाक खाली जातंय म्हणून वर मागे खेचला. मला आधी दिसला तो त्याचा ताठ झालेला डावा गुडघा, मग बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) बघितला तर पार उजव्या कोपऱ्यात, आणि स्पीड ६० नॉटवरून ५२, तेवढ्यात स्टॉल हॉर्न (स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, जवळ आलं की वाजणारा) रडायला लागला. जमीन ४०० फूट खाली. "आय हॅव कंट्रोल" म्हणालो तरी हा योक सोडेना, हातावर फटका मारावा लागला. नाक खाली, फुल पॉवर, बॉल मधे, गो-अराऊंड (न उतरता परत वर).

खाली उतरल्यावर म्हणतो, "सर, पण मी बँक कमीच ठेवली होती ना?" म्हणजे त्याच्या मते तो जपूनच उडवत होता! दुसऱ्या दिवशी ४००० फुटांवर नेऊन तेच करायला लावलं. आतला पंख एकदम पडला, समोर नुसती शेतं फिरायला लागली, सरळ होईपर्यंत अल्टिमीटरवर ७०० फूट गेले. तो आकडा त्याने स्वतः वाचला, मला काही बोलावं लागलं नाही.

३० अंश बँकला स्टॉल स्पीड साधारण ७ टक्के वाढतो, ४५ ला १९, ६० ला ४१. म्हणून माझा नियम, सर्किटमध्ये ३० च्या वर बँक नाही, प्रत्येक वळणावर मोठ्याने "स्पीड, बॉल" म्हणायचं, आणि लाइन हुकली की गो-अराऊंड. गो-अराऊंड केला म्हणून मी आजवर कोणाला बोललो नाही.

दुसरी, खाली उडणं. २६ एप्रिल २०१७ ला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं ट्रेनिंगचं डायमंड डीए-४२ वैनगंगेवर आडव्या टाकलेल्या रोपवेच्या केबलला धडकलं, इन्स्ट्रक्टर आणि स्टुडंट दोघंही गेले. अरे, वरून तार दिसत नाही रे! नदीच्या रंगात मिसळून जाते, दिसलेच तर काठावरचे खांब, आणि ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तरी पोरांना गावावरून एक चक्कर मारून व्हिडिओ काढायचा असतो. मी सोलोला (एकट्याने उडायला) सोडताना फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतो, राग आला तर येऊ दे.

बाकीच्या पटकन सांगतो. फ्युएल गेजवर भरवसा नको, टाकीत डिपस्टिक घालून स्वतः बघा, आणि सकाळी ड्रेन केलेलं फ्युएल उजेडात धरून पाणी बघा. दमट हवेत कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणं) विसरू नका, बाहेर २५ डिग्री असली तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. चेकलिस्ट पाठ असली तरी हातात घेऊन वाचा. कंट्रोल देताना-घेताना तोंडाने बोला, मान हलवून नाही.

आणि टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर रनवेकडे परत वळू नका. नाक खाली, स्पीड धरा, समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं असेल तिथे उतरा. त्या क्षणी शेत शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून टेकऑफसाठी रनवेवर लाइनअप करायच्या आधीच मी विचारतो, "आता बंद पडलं तर कुठे?" कुठला ऊस तुटलाय, कुठे पाणी सोडलंय, हे सकाळी गाडीवरून येतानाच बघून ठेवत जा.